मावशींचं तेल आणि माझी ट्यूब

मी जन्मल्यावर ज्या बाईंनी मला न्हाऊ घातलं, त्यांनीच माझ्या मुलीलाही घातलं. मधे पंचवीस वर्षं गेली, पण पाट तोच होता आणि रीतही तीच. ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे आमची चाळ होती. तिथे आणि आजूबाजूच्या घरांत सगळे त्यांना मावशी म्हणत. चेंदणीच्या कोळीवाड्यातून त्या चालत यायच्या. सकाळी आठला पहिलं घर, साडेअकराला शेवटचं. आल्या की कोणाशी न बोलता मोरीत पाट टाकायच्या, पाय लांब करून बसायच्या आणि हात पुढे करायच्या. त्या हातांत बाळ ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. नडग्यांवर बाळ पालथं, वाटीत कोमट तेल, मान, पाठ, कुल्ले, टाचा. मग उताणं. मग डाळीचं पीठ आणि साय, मग आपल्याला सोसणार नाही असं वाटणारं पाणी, शेवटी ओव्याची धुरी. बाळ आधी किंचाळायचं आणि नंतर तीन तास झोपायचं.

मावशींना स्वतःच्या कामाचा भारी अभिमान होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत. म्हणायच्या, "डागदर पोर निस्ता भायेर कारतो. पोराचा मानूस मी करते."

माझाही तोरा कमी नव्हता. आमच्या घराण्यात औषधांची पदविका घेतलेली मी पहिली. लग्न होऊन डोंबिवलीला गेले ते थेट मेडिकलच्या दुकानात. तोपर्यंत मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने लावून दुकान चालवत होते. मी आले आणि भाड्याचं उतरून माझं लागलं. लाकडी चौकट, काच, वर माझं नाव. गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याकडे बघायचे. खोटं कशाला सांगू?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी ठाण्याला आले, मुलगी झाली आणि मावशी येऊ लागल्या. मुलगी दीड महिन्याची असताना तिच्या जांघा लाल झाल्या. कारण उघड होतं. माझ्या भावाने हौसेने प्लॅस्टिकच्या चड्ड्या आणल्या होत्या, लंगोटावरून घालायच्या. अंथरूण ओलं होत नाही म्हणून मी खूश होते. मावशींनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं.

"काय गो बाय, पोरीला पिशवीन भरतेस? ती काय बाजारातली मासोली हाय?"

मी हसले आणि चड्डी तशीच ठेवली. मग जांघा पेटल्या. मावशी म्हणाल्या, चड्डी काढ, लंगोट सोड, दोन दिवस उघडी ठेव. मला ते गावठी वाटलं. डोंबिवलीहून येताना मी पिशवीभर औषधं आणली होती. त्यात खाजेची एक ट्यूब होती. दुकानात ती रोज खपायची. गजकर्ण असो, घामोळं असो, डास चावलेला असो, लोक येऊन म्हणायचे "ती खाजेची द्या", आणि आम्ही द्यायचो. ती मी लावली. दोन दिवसांत जांघा अशा साफ झाल्या की जणू काही झालंच नव्हतं.

मावशींनी मुलीला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं.

"काय लावलंस?"

मी ट्यूब दाखवली. चाळीस वर्षं तेल आणि हळदीवर काम केलेल्या बाईने ती बोटभर ट्यूब उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "जादू हाय गो." मी फुशारले. उरलेली ट्यूब त्यांना दिली, आणि औषध कंपनीचा माणूस दुकानात देऊन गेलेली सॅम्पलं पिशवीत पडली होती, त्यातली तीन-चारही देऊन टाकली. वर सांगितलं, "कुणाला लाली-बिली आली तर लावा मावशी, छान आहे." किती लावायचं, किती दिवस, कुठे लावायचं नाही, यातलं एक अक्षर मी बोलले नाही. बोलायला ते मला माहीत हवं होतं. त्या औषधात काय आहे हे मी परीक्षेत लिहिलं होतं. ते बाळाच्या कातडीवर काय करतं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. खोक्यात घडी घातलेला कागद मी कधी उलगडला नव्हता.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी डोंबिवलीला परतले. त्याच सुमाराला चाळीत आमच्या शेजारच्या काकूंना नातू झाला.

नवरात्रात ओटी भरायला मी ठाण्याला आले. देवीची गर्दी बाहेर नाक्यावर, आणि चाळीत गर्दी काकूंच्या दारात, कारण तिथे तो नातू होता. चार महिन्यांचा. मावशीही तिथेच होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली.

"ये ये. तुज्या मलमानं माजा नाव केलं गो! बघ, कसा गुबगुबीत केलाय पोर!"

काकूंनी नातू माझ्या मांडीवर ठेवला. "कसं बाळसं धरलंय बघ. दृष्ट काढून काढून हात दुखले माझे."

एका शेजारणीने त्याचा गाल ओढला. "काय हो काकू, पिठाच्या गिरणीत ठेवता का ह्याला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग माझी नजर कपाळावर गेली. केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत बारीक लव होती. गालांवरही होती. गाल गोल होते, पण लाल आणि ताणलेले, फुग्यासारखे, आणि त्यांत लाल दोऱ्यासारख्या शिरा दिसत होत्या. मी दुपटं बाजूला केलं. वर प्लॅस्टिकची चड्डी, माझ्या मुलीची बघून आणलेली. ती काढली. मांड्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकाकत होती आणि जांघेत तांबडे चरे पडले होते. पोट सुटलेलं आणि पाय काड्या.

काकूंची सून हळूच म्हणाली, "ताई, दोन दिवस लावलं नाही की पेटून उठतं. रडून जीव नकोसा करतो. म्हणून बंदच करवत नाही."

"रोज लावता?"

"आंघोळीच्या तेलात घालतो थोडं. सगळ्या अंगाला लागतं ना. मावशींनीच सुरू केलं. त्यांची आंघोळ महिन्यापूर्वी संपली, आता सासूबाई घालतात. शिवाय रात्री चड्डी घालायच्या आधी जांघेत लावतो."

ट्यूब छोटी आणि बाळाचं अंग मोठं, म्हणून मावशींनी ती तेलाच्या वाटीत पिळली होती. तेलात बाकी सगळं घालतात ना, हळद, बदाम, कापूर; तसंच हेही. ट्यूब संपली की काकू जवळच्या दुकानातून दुसरी आणायच्या. तिथे त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आमच्या दुकानातही कोणी विचारलं नसतं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. ओटी भरली, जेवले, परत गेले. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं वाचून कोणी मला फार शूर समजू नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एक खोकं फोडलं आणि कागद उलगडला. अक्षरं इतकी बारीक की मामंजींचं भिंग घ्यावं लागलं. लहान मुलांत जपून, अंगाच्या मोठ्या भागावर नको, घडीच्या जागी नको, झाकून बांधायचं नको, जास्त दिवस नको. एकेक ओळ वाचत गेले. प्रत्येक ओळीतलं आम्ही केलं होतं.

संध्याकाळी मी आमच्या रस्त्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे गृहस्थ होते, पुण्याकडचे, मोजकं बोलणारे.

"किती दिवस लावतायत?"

"चार महिने."

"कुठे?"

"सगळ्या अंगाला, तेलातून. आणि जांघेत, वरून प्लॅस्टिकची चड्डी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चेहरा गोल झालाय?"

"हो. सगळे बाळसं म्हणतात."

"ते बाळसं नव्हे, सूज आहे. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त असते. त्यातून मलमातलं स्टेरॉइड आत गेलं. शरीराला जे स्वतः तयार करायचं असतं ते बाहेरून मिळायला लागलं, की शरीर ते करायचं थांबवतं. मुलाची वाढ खुंटते." मग ते माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आणि घरी जाऊन एकदम बंद करा असं सांगू नका. एकदम थांबवलं आणि त्यात ताप किंवा जुलाब झाले, तर मूल हातचं जाईल. हॉस्पिटलात न्या. उद्याच. मी चिठ्ठी देतो."

चिठ्ठी घेऊन दुकानात आले. मामंजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ग्लुकोजचे डबे सरळ करत राहिले.

"आपण विकली का ती ट्यूब? नाही ना? फुकट दिलीस. पुढच्या त्यांच्या त्यांनी आणल्या."

"दिली मीच."

"अगं, भिंतीवर नाव तुझं आहे. उद्या त्यांनी तक्रार केली तर? डॉक्टरांकडे नेतील ते त्यांचे ते. तू कशाला मधे पडतेस?"

"ते नेणार नाहीत मामंजी. त्यांना वाटतंय मूल गुबगुबीत झालंय."

 मी रात्री चौकटीकडे बघितलं, नेहमीसारखं. पहिल्यांदा ते नाव दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

सकाळी ठाण्याला पोचले. आईकडून मावशींना निरोप पाठवला आणि त्या आल्यावरच काकूंच्या घरात शिरले. मागून बोललं असं व्हायला नको होतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागद दाखवला, चिठ्ठी दाखवली.

काकूंनी नातवाला छातीशी धरलं. "काहीतरीच काय बोलतेस! सणासुदीचं! तुझी पोर किडकिडीत, म्हणून माझ्या नातवाचं बाळसं डोळ्यात आलं का?"

मावशी त्याहून भडकल्या. पदर खोचून माझ्यासमोर आल्या. "माज्या हातानं आजवर एक पोर बिघारला नाय! तुजी आयस साक्षीला हाय. तुना मीच न्हानला ना? काय झाला तुना? बोल!"

"हात तुमचे चांगलेच आहेत मावशी. ट्यूब माझी होती. चूक माझी आहे."

"मंग तू निस्तर!"

"निस्तरायलाच आले. पण काकू माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील."

 मी म्हटलं, "माझं ऐकू नका. त्याला एकदा पायावर घ्या आणि तुम्हीच बघा. तेल न लावता."

मावशींनी माझ्याकडे रागाने बघितलं. पण पाट आणला. पाय लांब केले, हात पुढे केले. काकूंनी नातू दिला, कारण त्या हातांना नाही म्हणायची कोणाला सवयच नव्हती.

मावशींनी त्याला पालथं घातलं. कोरड्या तळव्याने पाठीवरून हात फिरवला. मानेकडून खाली, पुन्हा मानेकडून खाली. मग उताणं केलं. दंडाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. मांडी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. त्यांचा चेहरा बदलताना मी बघितला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तेलानं कळला नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तेलान सगलीच पोरा गुलगुलीत लागतात. काकी, चार मयन्याच्या पोराची मांडी अशी नसते. ही पोकल हाय. आनि कातरी बघ, कागद हाय निस्ता."

"अहो मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मीच तर. मी न्हानला, मी सांगते. ह्यो बालसा नाय. ऊठ, दुपटा घे. मी येते संगती."

काकू उठल्या. माझ्या चिठ्ठीने आणि सर्टिफिकेटने जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं. हॉस्पिटलात बाळ मावशींच्याच हातात होतं. तिथली तरुण डॉक्टरीण ओरडली, "कोणत्या शहाण्याने हे तेलात घालायला सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "कोनी नाय सांगतला. मी घातला." आणि ताठ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ट्यूब मी दिली होती. डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे बघितलं आणि मग फक्त बाळाकडे बघितलं, ते बरं झालं.

बारा दिवस त्याला तिथे ठेवलं. रक्त तपासलं. बंद पडलेलं शरीरातलं काम सुरू होईपर्यंत तेच स्टेरॉइड मोजून पोटातून दिलं आणि ते थेंबाथेंबाने कमी करत आणलं. ट्यूब बदलून सौम्य दिली, मग तीही सोडवली. ती सोडताना त्याची कातडी जी पेटली, ती बघवत नव्हती. आठवडेच्या आठवडे तो रडला. गाल उतरले, पोट उतरलं, आणि आतून एक बारीकसं, खरं मूल बाहेर आलं. चाळ म्हणाली, दृष्ट लागली. कोणी म्हणालं, न्हाणारणीने वाटोळं केलं. हे मावशींच्या तोंडावर म्हटलं गेलं. त्यांनी खाली बघितलं नाही.

पण मला त्यांचा अभिमान वाटतो तो याच्यासाठी नाही. हॉस्पिटलातून निघाल्यावर त्यांनी मला विचारलं, "अजून कोना कोनाला लावलाय, ती घरा फिराया नको?" त्यांना लिहिता येत नव्हतं, पण सगळी घरं पाठ होती. पुढचे दोन दिवस आम्ही त्या घरांत गेलो. मी मागे, त्या पुढे. प्रत्येक दारात त्या एकच सांगायच्या: "मी तेलान मलम घातलावता. ती माजी चूक. पोराला डागदरला दाखवा, आनि त्यो सांगल तसाच हलूहलू सोरा." बाकीच्या बाळांना थोडेच दिवस लागलं होतं. डॉक्टरांनी बघितलं, कोणाला काही झालं नव्हतं. तीन घरांनी मावशींना पुन्हा बोलावलं नाही. एका घरात तर सासूने दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव त्या स्वतः दारोदार जाऊन उतरवत होत्या. मी पदविकेवाली असून मला एकटीला ते जमलं नसतं. मी कागद दुमडून खोक्यात परत ठेवला असता आणि मामंजींच्या बाजूने मान हलवली असती, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे.

दुकानात मी एक गोष्ट बदलली. खाजेची ट्यूब मागितली की मी विचारायला लागले, कोणाला, कुठे, किती दिवस. बाळासाठी असेल तर चिठ्ठीशिवाय नाही. लोक चिडायचे. "पुढच्या दुकानात देतात!" "मग तिकडे जा." मामंजी कपाळाला हात लावायचे. वर्षभराने तेच गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, "आमच्या सूनबाई देणार नाहीत हो, डॉक्टरांना दाखवा आधी." आवाजात तक्रार होती, पण नुसती तक्रार नव्हती.

माझा मुलगा नव्वदीच्या सुरुवातीला झाला. या वेळी दुकान सोडून माहेरी जाता आलं नाही, म्हणून डोंबिवलीतच राहिले. आणि मावशी, साठीच्या पुढच्या, ठाण्याहून रोज आल्या. मी नको म्हटलं होतं. "तुज्या पोराला दुसरी बाय हात लावनार?" एवढंच उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी त्यांनी पाट टाकला, पाय लांब केले, पण हात पुढे केले नाहीत. आधी बाटली काढली. माझा हात ओढून तळव्यावर तेल ओतलं.

"वास घे. चोल. बघ काय हाय त्यान."

"मावशी, माझ्यापाशी कशाला?"

"सगल्या घरान दावते. आयसनं बगल्याबिगर मी पोराला हात नाय लावत."

मी वास घेतला. हात चोळला. खोबरेल होतं, नुसतं खोबरेल.

"बरं आहे," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी हात पुढे केले.

काकूंचा नातू आता शाळेत जातो. उंचीला वर्गात मधला आहे. जांघेतले चरे फिके झालेत, गेलेले नाहीत. मावशी थकल्यावर त्यांची सून न्हाऊ घालू लागली. मागच्या वर्षी माझ्या भावाला मुलगी झाली, तेव्हा ती आमच्या माहेरी आली. पाट टाकला आणि भावजयीच्या तळव्यावर तेल ओतलं. भावजयीने विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "सासूची रीत हाय."

तिला कारण माहीत नव्हतं. मावशींनी सुनेला चूक सांगितली नव्हती, फक्त रीत दिली होती. मी तिला तिथेच बसवलं आणि सगळं सांगितलं, ट्यूब माझी होती इथपासून. ती ऐकत राहिली. मग भावजयीचा हात पुन्हा ओढला आणि म्हणाली, "नीट चोलून बघ गो बाय. घाईन काय बघितलास मगाशी?"